अठ्ठ्याण्णव सालची पुडी

आठ-नऊ वर्षांत आमच्या दारात कुणी मेंटल मागायला आलं नव्हतं. म्हणून सारिकाने जानेवारीत ओट्यावर उभं राहून विचारलं, तेव्हा मी तिला आधी बसायला सांगितलं आणि मग काय हवं ते पुन्हा विचारलं.

"मेंटल, अक्का. गॅसबत्तीचं. पण कुठल्या सालचं ते नक्की माहीत असलेलं."

सारिका म्हणजे मागच्या गल्लीतल्या हिलाल कंडक्टरची मुलगी. जळगावला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे.

धुळ्यात पाचकंदीलजवळ आमचं गॅसबत्त्यांचं दुकान होतं. लग्नाला, कीर्तनाला, उरुसाला बत्त्या भाड्याने द्यायचो. मेंटल म्हणजे बत्तीत बांधायची जाळीदार कापडी पिशवी, अंगठ्याएवढी. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि त्याच आकाराची पांढरी राख मागे लटकत राहते. उजेड ती राख देते. तिला बोट लागलं, गाडीला धक्का बसला, की गेली. म्हणून जाणता माणूस बत्ती नेताना कोरी मेंटलं खिशात वेगळी ठेवतो. आमच्या घरातल्या बाया लुगड्याच्या ओच्यात ठेवायच्या.

"जुनं म्हणजे किती जुनं?" यांनी आतून विचारलं. यांना सगळी गल्ली नाना म्हणते. वय ऐंशी, एक पाय ओढत चालतात.

"जितकं जुनं तितकं चांगलं, नाना."

"मंग हिलेच लई जाय," माझ्याकडे बोट दाखवून हे म्हणाले आणि स्वतःच हसले.

पण उठले. देव्हाऱ्याखालच्या कप्प्यातून स्टीलचा डबा काढून त्यांनी सारिकासमोर ठेवला.

हा डबा आमच्या सासऱ्यांच्या रीतीचा. दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी ठोक व्यापारी सोहनलालशेठकडून नवा माल यायचा, कायम एकाच कारखान्याचा, गोमुख छाप. खोकं फोडलं की पहिलं मेंटल देवाचं. ते पेटवायचं नाही. पिवळ्या फडक्यात ठेवून सुताने गाठ मारायची, सालाची चिठ्ठी लावायची आणि डब्यात टाकायचं. सत्तर सालापासून सोळा सालापर्यंत, दुकान बंद झालं तोवर, एकही आखाजी चुकली नाही. सत्तेचाळीस पुड्या. आधीच्या चिठ्ठ्या सासऱ्यांच्या हातच्या, नंतरच्या यांच्या.

सारिकाने डब्यात पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "नाना, जगात असा डबा कुणाकडे नसेल."

यांची छाती दोन बोटं पुढे आली. "मना बापनी रीत शे ती. एक पुडी इकडची तिकडे व्हवाव नई."

डबा न्यायला यांनी परवानगी दिली, पण दोन अटींवर. गाठ सोडायची नाही, जे मोजायचं ते फडक्यावरून. आणि देवाचा डबा एकटा जाणार नाही, अक्का बरोबर जाईल.

मी त्या डब्याकडे पाहत उभी होते. अठ्ठ्याण्णव सालची पुडी वरच्या थरात होती. पण मोजणं म्हणजे काय, हे मला कुठे माहीत होतं? मला वाटलं, फडक्यावरून काय कळतंय.

फेब्रुवारीत दोन दिवस मी मांडीवर डबा घेऊन एस.टी.ने जळगावला गेले. प्रयोगशाळेत एक नळी होती, तिला जोडलेली पेटी, आणि पेटीवर लाल आकडे. सारिका पुडी नळीखाली ठेवायची आणि घड्याळ लावायची. बारीक टकटक सुरू व्हायची, गरम तव्यावर ज्वारीचे दाणे तडतडावेत तशी. दहा मिनिटांनी आकडा लिहायचा, पुढची पुडी घ्यायची.

"मेंटलात थोरियम असतं, अक्का. जड धातू. त्यानेच राख इतकी उजळते. पण ते स्वस्थ नसतं, आपलं आपण मोडत असतं."

"इतकी वर्षं हात लावलाय मी त्याला."

तिथला शिपाई म्हणाला, "आजी, आपल्या जळगावच्या केळातपण असलं मोडणारं काहीतरी थोडं असतंय. घाबरू नका."

"पेटवताना धूर मात्र नाकात घेऊ नये," सारिका म्हणाली. मग वही उलटी करून तिने मला एक उतरंड काढून दाखवली. थोरियम मोडलं की त्याचं रेडियम होतं. रेडियमचं अॅक्टिनियम. अॅक्टिनियमचं पुन्हा थोरियम, पण दुसऱ्या वजनाचं, हलकं. त्याचं पुन्हा रेडियम, मग एक वायू, असं मोडत मोडत शेवटी शिसं. शिशाशी आलं की वंश थांबतो.

"हे मधलं पुन्हा थोरियम कसं?" मी विचारलं.

"पणजोबांचं नाव पणतवाला ठेवतात ना? तसं."

मग ती पुढचं सांगत गेली आणि मला एका दमात समजलं. कारखान्यात थोरियम धुऊन घेतात तेव्हा मधली पोरं, रेडियम वगैरे, बाजूला काढली जातात. पण पणतू पणजोबांच्याच नावाचा, म्हणून तो घरातच राहतो, त्याला वेगळं काढता येत नाही. पणजोबा अब्जावधी वर्षांचे. पणतू मात्र अल्पायुषी, दोन वर्षांत निम्मे खपतात. त्यांची जागा भरायची तर मधली पिढी पुन्हा जन्मून मोठी व्हायला हवी, आणि तिला वेळ लागतो. म्हणून नव्या मेंटलाची टकटक आधी चार-पाच वर्षं उतरत जाते. घर रिकामं होतं. मग हळूहळू पोरंबाळं भरतात आणि टकटक चढू लागते. तीस वर्षांनी घर पुन्हा नांदतं.

"म्हणजे जुनं मेंटल नव्यापेक्षा जास्त बोलतं?"

"तेच मला दाखवायचंय. पुस्तकात गणित आहे. पण असं एकेका सालाचं, एकाच कारखान्याचं, हे कुणी मोजलेलं माझ्या तरी वाचनात नाही."

आणि तसंच होत गेलं. सोळा सालचं मेंटल साडेसोळाशे. दहा सालचं तेवीसशेच्या जवळ. पाच सालचं सव्वीसशे. जुनी सगळी तीन हजाराच्या आसपास. सारिका आलेखाच्या कागदावर ठिपके देत होती आणि ठिपके चढणीच्या रस्त्यासारखे एकामागे एक चालले होते. पोरीचा चेहरा खुलत होता.

अठ्ठ्याण्णव सालची पुडी ठेवली. अठ्ठावीसशे यायला हवे होते. आले एकोणीसशे.

तिने पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. एकोणीसशेच.

"हे असं कसं?" ती स्वतःशीच म्हणाली.

मी डब्याच्या झाकणावरचा हळदीचा डाग नखाने खरवडत बसले. फडक्याच्या आत काय आहे ते त्या नळीला दिसलं होतं. सत्तावीस वर्षं ते फक्त मला माहीत होतं.

काय झालं होतं ते सांगते.

माझं माहेर पिंपळनेर. अठ्ठ्याण्णवच्या आखाजीला माझ्या भावाची, झिपरूची मुलगी ज्योती हिचं लग्न होतं. मी तिला शब्द दिला होता की तुझ्या मिरवणुकीपुढे आत्याची बत्ती असेल. गावात वीज होती, पण वीज काय, मिरवणुकीबरोबर चालत नाही. यांनी कुरकुरत एक जुनी बत्ती दिली. मेंटल मात्र दुकानात एकही उरलं नव्हतं. तिथीच तशी, सगळी बत्त्यांबरोबर गेलेली. "माहेरचं काम म्हटलं की हिले दुकान आठवस," सासूबाई म्हणाल्या. त्या बोलण्याने मी पेटले. दुपारी घर निजल्यावर डबा काढला, त्या सालची पुडी सोडली, देवाचं मेंटल ओच्यात खोचलं आणि फडक्यात कापसाच्या दोन वाती ठेवून तशीच गाठ मारली. सासऱ्यांची गाठ मला येत होती. पुड्या मीच तर बांधायचे, हे फक्त चिठ्ठी लिहायचे.

पिंपळनेरला त्या संध्याकाळी वळीव आला आणि वीज गेली. पण पाऊस थांबल्यावर ज्योतीची मिरवणूक आमच्या बत्तीच्या उजेडात निघाली. बत्तीचा तो सूंऽऽ आवाज, भिजलेल्या मातीचा वास, आणि पोरीच्या कपाळावरची हळद सोन्यासारखी दिसत होती. आजही डोळे मिटले की दिसते.

ठरवलं होतं की नवा माल आला की मेंटल परत ठेवायचं. पण आषाढात बोदवडहून बत्त्या आणताना हे टेम्पोतून पडले आणि पाय मोडला. सासूबाई रोज देवापुढे म्हणायच्या, "तुनं पहिलं तर तुलेच दिन्हं व्हतं, मंग का कोपना?" देवाचं पहिलं देवालाच दिलं, तरी तो का कोपला, हे मी भाकरी थापत ऐकायचे. त्यानंतर डब्याला हात लावायची माझी छाती झाली नाही. सोळा वर्षं फडक्यात वातीच होत्या. चौदा साली पत्र्याचा जुना डबा गंजला, पुड्या स्टीलच्या डब्यात घालायच्या ठरल्या. पुडी हाताला मऊ लागली तर? म्हणून आदल्या दिवशी त्या सालच्या मालातलं एक मेंटल मी आत सारलं. मला वाटलं, फिटलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सारिका आली. चेहरा उतरलेला. मी परातीत तांदूळ निवडत होते, हे पलीकडे खाटेवर.

"नाना, अठ्ठ्याण्णवची पुडी तुम्हीच बांधली होती ना?"

"मीच चिठ्ठी लिखी. का?"

"ललित सर म्हणतात, त्या पुडीत अठ्ठ्याण्णवचं मेंटल नाही." ललित सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. "आकडा दोनच वयांना जुळतो. टकटक आधी उतरते, मग चढते, म्हणून एकच आकडा दोनदा भेटतो. एक तर ते मेंटल अकरा वर्षांचं आहे, नाहीतर दीड वर्षाचं. चौदा सालचं किंवा तेवीस सालचं."

चौदा. मी हातातली परात खाली ठेवली.

"सरांना वाटतं, तेवीस. म्हणजे मूळ पुडी माझ्याकडून खराब झाली आणि मी बाजारातून दुसरं आणून घातलं. आणि एक चिठ्ठी खोटी तर बाकीच्या सेहेचाळीस कशावरून खऱ्या, असं विचारतात. पंधरा दिवसांत सगळं पटवून दे, नाहीतर प्रबंध घेणार नाही म्हणाले."

"तो ठिपका गाळून टाक की," मी म्हणाले. कसं म्हणाले, माझं मला माहीत.

तिने माझ्याकडे पाहिलं. "मोजलेलं कसं गाळू, अक्का? मग माझ्या बाकीच्या आकड्यांना तरी काय अर्थ? वर्ष गेलं तर जाईल. घरात स्थळांचे फोटो येऊन पडलेतच."

तोवर नाना उठून उभे राहिले होते. "मी खोटा? मना बाप खोटा? देवनी पुडी खोटी?" आवाज ओट्याबाहेर गेला. "यंत्र खोटं शे तुनं! डबा आठेच राही आते. पुन्हा मोजानं नाव काढू नको."

सारिका उठली. जाताना चपला घालायला तिला दोन-तीनदा पाय चाचपडावा लागला.

त्या रात्री मी झोपले नाही असं काही नाही. झोपले. पण पहाटे उठले तेव्हा ठरलेलं होतं. पोर चोर ठरत होती, आणि चोरी माझी होती. ती एक ठिपका खोडायला तयार नव्हती. मी चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, मला काय भीती होती? नवरा बोलेल, याची. बोलू दे.

शनिवार होता. शनिवारी हे दुकानातली उरलेली एक बत्ती चिंचेने घासतात. मी समोर पाट घेऊन बसले.

"अठ्ठ्याण्णवचं मेंटल मी काढलं होतं."

हात थांबला नाही. "काय व?"

"ज्योतीच्या लग्नाला नेलं. पिंपळनेरला पेटवलं. आत वाती ठेवल्या. चौदा साली डबा बदलला तेव्हा वाती काढून नवं मेंटल घातलं. सारिकाचं यंत्र खरं आहे."

आता हात थांबला. चिंचेचं पाणी टाकीवरून खाली ओघळत राहिलं.

"माय मरताना सुद्धा इचारत व्हती, का कोपना म्हणीसन," हे म्हणाले.

"हो."

"अन् तू आयकत व्हती."

"हो."

बत्ती तशीच टाकून हे आत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताट समोर ठेवलं की जेवत, पाणी स्वतः उठून घेत. मी दोन दिवस विनवण्या केल्या नाहीत. फक्त एवढंच सांगितलं, "सोमवारी मी जळगावला जाऊन सरांना सांगणार आहे. डबा द्या किंवा देऊ नका."

सोमवारी सकाळी पाहिलं तर हे धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसलेले. शेजारी पिशवीत डबा.

"जळगावनी गाडी कितलाले शे?"

पारोळा मागे पडेपर्यंत हे खिडकीबाहेर पाहत होते. मग तसंच बाहेर पाहत म्हणाले, "टेम्पोचा मागचा फाळका मी लावला नव्हता. कडी घालायची राहून गेली. देव मधे कुठेच नव्हता." त्यांनी सत्तावीस वर्षं ड्रायव्हरला शिव्या दिल्या होत्या.

ललित सर चाळिशीतले, बोलायला नीट, पण चेहऱ्यावरून काही कळू न देणारे. प्रयोगशाळेत ते खुर्चीत बसलेले, सारिका कोपऱ्यात उभी. आम्ही दोघं येणार हे तिला माहीत नव्हतं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ओचा, वाती, वळीव, स्टीलचा डबा, काही वगळलं नाही. माहेराला नेलं हेही सांगितलं. सारिका माझ्याकडे पाहतच राहिली.

सर म्हणाले, "आजी, तुम्ही खरं सांगताय असं मला वाटतं. पण वाटणं पुरावा होत नाही. मुलीसाठी कुणीही असं सांगेल. तेवीसचं नाही, चौदाचंच आहे, हे कशावरून?"

"चौदाचं शे," नाना म्हणाले. "पुडी काढा."

त्यांनी ती हातात घेतली, कपाळाला लावली आणि नखाने गाठ सोडली. देवाच्या पुडीची गाठ त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सोडली. मेंटल तळहातावर घेतलं, खिडकीशी नेलं, आणि तोंडाचा दोरा चिमटीत धरून सरांना दाखवला.

"हा दोरा कोणत्या रंगाचा आहे?"

"निळा."

"गोमुख छाप मेंटलाला आधी पांढरा दोरा यायचा. बारा सालापासून निळा आला. सोळा साली तो कारखानाच बंद पडला, म्हणून तर मीबी दुकान बंद केलं. तेवीस साली हा निळा दोरा या पोरीने कुठून आणला असता? आणा कोणत्याही बाजारातून, मी टोपी काढून ठेवतो." मग डब्याकडे बोट करून म्हणाले, "विश्वास नसेल तर सोडा बाकीच्या गाठी. बारा ते सोळाच्या पाच निळ्या निघतील, त्याआधीची एक निघणार नाही. निघाली तर सगळा डबा खोटा म्हणा."

सरांनी सोडल्या. सगळ्या नाही, नऊ. बारा ते सोळा निळे. त्याआधीच्या चार काढल्या, पांढरे.

सर खुर्चीत मागे टेकले. "सारिका, तो ठिपका चौदा सालावर घे. कसा पडतो बघू."

तिने कागद पसरला. चौदा सालचा मूळ ठिपका अठराशे नव्वदवर होता. दुसरा त्याच्या अंगावरच पडला, वेगळा दिसेना. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे प्रबंधात लिही," ते म्हणाले. "पुडी बदलली होती, ते आकड्याने सांगितलं, पण दोन सालांपैकी कुठलं ते आकड्याला सांगता आलं नाही. ते कसं ठरलं, तेही लिही."

"माझं नाव घालायचं का?" मी विचारलं.

"तुमची हरकत नसेल तर."

"घाला. धुरपदाबाई पितांबर. पूर्ण घाला."

नानांनी सारिकाकडून पेन मागून घेतलं. जुनी चिठ्ठी त्यांनी फाडली नाही. त्यावरच, सालाच्या खाली लिहिलं: पिंपळनेरला उजळलं. ज्योतीचं लग्न. आतलं २०१४ चं. मग मेंटल फडक्यात ठेवलं आणि सूत गुंडाळायला घेतलं. बोटं ऐकेनात. दोनदा गाठ सुटली.

त्यांनी पुडी माझ्यापुढे सरकवली.

"तूच बांध," हे म्हणाले. "तुले सवय शे."

दोन दिवसांनंतर माझ्याकडे बघून केलेलं ते पहिलं बोलणं. मी सासऱ्यांची गाठ मारली, घट्ट, आणि पुडी सारिकाच्या हातात दिली. तिने ती नळीखाली ठेवून घड्याळ लावलं, सरांच्या समोर, चौथ्यांदा. टकटक सुरू झाली.